सवलतीची किंमत कोण देतो?

(ग्वाल्हेर येथे लष्कर भागातील नई सडकेवर तेथील मराठी रहिवासी व व्यापारी मंडळींपुढे आम्ही केलेल्या भाषणाचा हा मजकूर. विषय आपल्या सीमाभागातील पेठांनाही तितकाच लागू असल्यामुळे तो येथे देत आहोत.)



ज्या नगरीने हिंदुस्थानी संगीताला एक थोर घराणे दिले, त्या नगरीत येऊन तेल, साखर आणि डाळ ह्यांच्या भावावर भाषण करावे हे कोणास अरसिकपणाचे वाटेल. परंतु विषय आपणच दिलेला आहे, आणि तो योग्य दिला आहे असे आमचे मत आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास येथे स्थिरावली, तेव्हा सैन्यापाठोपाठ वाणी आले, सराफ आले, शिंपी आले, आणि त्या छावणीचेच हे लष्कर शहर झाले. सैन्य गेले, संस्थानही गेले. पेठा मात्र राहिल्या. बेळगावची गणपत गल्ली आणि खडेबाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना महाराज बाड्याच्या आसपासच्या ह्या पेठा परक्या वाटावयाच्या नाहीत. म्हणून येथील पेठेवर जे संकट आहे ते आमच्याही दाराशी आहे असे समजूनच आम्ही बोलणार आहोत.

संकट कोणते? मोठी सवलत-भांडारे. प्रशस्त जागा, थंड हवा, मांडणीवर हारीने लावलेला माल, आणि प्रत्येक वस्तूखाली छापील किमतीवर काट मारून लिहिलेली कमी किंमत. गिऱ्हाइकाला अशा दुकानाचे आकर्षण वाटले तर त्यात गिऱ्हाइकाचा दोष नाही. महिन्याच्या किराण्यात चार-पाचशे रुपये वाचत असतील, तर ते वाचवू नका असे मोजक्या पगारावर घर चालविणाऱ्या गृहिणीला सांगण्याचा अधिकार कोणासही नाही. आम्ही तरी ते सांगणार नाही. आम्ही एकच प्रश्न विचारणार आहोत : ही सवलत देतो कोण?

सवलत म्हटली की ती कोणी तरी भरून देत असतो, हे ग्वाल्हेरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला आपला व्यापार मेळा सर्वत्र प्रसिद्ध आहे. त्या मेळ्यात मोटारगाडी घेणाऱ्यास अलीकडे अनेक वर्षी रस्ता-करात निम्मी सूट मिळाली. लोक दूरदूरच्या गावांहून गाड्या घ्यावयास आले. ती सूट विक्रेत्याने दिली नव्हती, कारखानदाराने दिली नव्हती. ती सरकारी तिजोरीने, म्हणजे अखेर सर्व जनतेने दिली. परंतु तो व्यवहार उघड होता. सरकारने आदेश काढला, वर्तमानपत्रांत तो छापून आला, ज्याला टीका करावयाची त्याने केली. महाभांडारातील सवलतीचा आदेश कोठे छापून येत नाही. म्हणून तिचा दाता शोधून काढावा लागतो.

आमच्या मते स्वस्ताई दोन जातींची असते. पहिली कौशल्याची. माल एकदम मोठ्या प्रमाणावर घेतला, मधले दोन हात गाळले, नासाडी कमी केली, पैसे वेळच्या वेळी चुकते केले, आणि त्यामुळे भाव उतरला, तर तो व्यापाऱ्याचा गुण होय. राधाकिशन दमाणी ह्यांनी २००२ साली मुंबईत पवईला पहिले डी-मार्ट उघडले. मार्च २०२५ अखेर त्या दुकानांची संख्या ४१५ झाली. शक्य तेथे जागा स्वतःच्या मालकीची ठेवावयाची म्हणजे भाडे नाही, पुरवठादाराचे पैसे लवकर द्यावयाचे म्हणजे तो भाव कमी लावतो, आणि रोज लागणारा माल भराभर फिरवावयाचा, ही त्यांची रीत. ह्या रीतीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि पेठेतल्या व्यापाऱ्याने ते रागावून नव्हे तर वही घेऊन शिकले पाहिजे.

दुसरी स्वस्ताई म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार! येथे भाव उतरतो तो दुसऱ्याच्या खिशातून. तो दुसरा म्हणजे दहा-दहा तास उभा राहणारा नोकर, मांडणीवर जागा मिळावी म्हणून पैसे मोजणारा आणि न खपलेला माल मुकाट्याने परत घेणारा लहान कारखानदार, आणि ज्याचे दुकान बंद पडेपर्यंत शेजारचा भाव तोट्यात ठेवला जातो तो वाणी. बाहेरून पाहता दोन्ही जातींची स्वस्ताई सारखीच दिसते; बिलावर तिचा रंग वेगळा छापलेला नसतो. एकाच दुकानात दोन्ही शेजारी शेजारी नांदत असतात. त्यांची निवड करणे हे समाजाचे आणि कायद्याचे काम आहे.

प्रथम नोकराचा विचार करू. अशा भांडारात पाऊल ठेवताच एकसारखे कपडे घातलेली तरुण मुले-मुली दिसतात. त्यांतील बहुतेक बारावी किंवा पदवी झालेली, आसपासच्या वस्त्यांतली, घरात पहिल्यानेच महिन्याचा पगार आणणारी. नोकरी मिळाली ही गोष्ट चांगलीच. पण ती कोणाची नोकरी? फार वेळा तो मुलगा भांडाराचा नोकरच नसतो. तो कंत्राटदाराचा माणूस, किंवा एखाद्या साबणाच्या वा बिस्किटांच्या कंपनीने आपला माल खपविण्यासाठी उभा केलेला. डी-मार्टसारख्या सुस्थितीतील कंपनीच्या स्वतःच्याच वार्षिक अहवालांत कायम नोकरांपेक्षा कंत्राटी मनुष्यबळाची संख्या कितीतरी अधिक असल्याचे दिसते, आणि ही रीत त्या एका कंपनीची नाही. ज्याचा कंत्राटदार बदलला की सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते, त्याने पगारवाढ मागावी कोणाकडे?

आणि ते उभे राहणे! गल्ल्यावर बसलेला मालक आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. आता गल्ल्यावर उभी राहिलेली मुलगी पाहतो. दिवसभर उभे राहण्याने पायांच्या शिरा फुगतात, कंबर धरते, हे सांगावयास वैद्य नको. केरळात कोळिकोडच्या मिठाई तेरुवु ह्या जुन्या पेठेत कापडदुकानांतील बायकांना गिऱ्हाईक नसतानाही बसू देत नसत. शौचालयाची सोय नाही म्हणून त्या दिवसभर पाणी पिणे टाळीत. शिवणकाम करणाऱ्या पी. विजी ह्यांनी त्या बायकांना संघटित केले. वर्षानुवर्षे लढून २०१८ साली केरळ सरकारकडून दुकान-कायद्यात बसण्याचा हक्क लिहून घेतला. तामिळनाडूने २०२१ साली तोच मार्ग धरला. स्वतंत्र देशात माणसाला खुर्चीवर टेकण्यासाठी कायदा करावा लागतो ही गोष्ट नीट ध्यानात घ्या.

परंतु त्याबरोबर दुसरीही गोष्ट ध्यानात घ्या. मिठाई तेरुवु ही काही परदेशी भांडाराची जागा नव्हे. ती आपल्या गल्ल्यांसारखीच गल्ली. पेठेतल्या पेढीवर काम करणाऱ्या पोऱ्याला साप्ताहिक सुट्टी मिळते काय? त्याचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो काय? दिवाळीच्या बक्षिसापलीकडे त्याच्या नावावर काही जमा असते काय? मध्यप्रदेशाचा दुकान-कायदा १९५८ चा, कर्नाटकाचा १९६१ चा. पण कायदा पुस्तकात आणि पोऱ्या पायरीवर, ही स्थिती सर्वत्र आहे. महाराष्ट्राने तर २०१७ च्या नव्या कायद्याने दहांपेक्षा कमी नोकरांच्या दुकानांना बहुतेक बंधनांतून मोकळेच केले. तेव्हा नोकराच्या नावाने महाभांडारावर दगड मारणाऱ्याने आधी आपल्या दुकानात एक स्टूल ठेवावे. अन्यथा त्या नोकराने आपल्या बाजूने उभे राहावे ही अपेक्षा व्यर्थ आहे.

आता गावाचा विचार. पेठेतले दुकान हे दुकानदाराच्या पोटापुरते नसते. त्याचा माल गावातल्या वितरकाकडून येतो, हमाल तो उतरवतो, हातगाडीवाला पोहोचवतो, पापड-लोणची शेजारच्या घरांतून येतात, पिशव्या गल्लीतला शिंपी शिवतो, हिशेब संध्याकाळी एखादा निवृत्त कारकून लिहितो. रुपया गावातून बाहेर जाण्यापूर्वी चार हातांतून फिरतो. महाभांडाराची खरेदी दूरच्या मध्यवर्ती गोदामात होते आणि गल्ला त्याच रात्री दूरच्या खात्यात जमा होतो. गावात उरतो तो पगार. आणि तो पगार किती व कसा, हे आपण पाहिलेच.

शिवाय उधारी! पेठेतल्या वहीखात्याला आजचे पंडित हसतात. परंतु ज्या घरात पगार सात तारखेला येतो आणि डबा पंचवीसलाच रिकामा होतो, त्या घराची ती पत आहे. “वहिनी, तेलाचा भाव उतरणार आहे, आज अर्धा किलोच न्या,” असे सांगणारा वाणी नफा सोडतो आणि माणूस जोडतो. ग्वाल्हेरीत बिर्लानगरची जियाजीराव कापड गिरणी १९९० च्या दशकात बंद पडली. गिरणी बंद पडते तेव्हा गिरणीगावातील चूल कोणाच्या वहीवर पेटते, हे मुंबईच्या गिरणगावाने पाहिले आहे आणि बिर्लानगरलाही नव्याने सांगावयास नको. रोखीने चालणाऱ्या भांडारात अशी वही नाही. कार्डावर उधार मिळते हे खरे. पण ज्याचा पगार बंद झाला त्याला कार्ड देतो कोण?

अशी भांडारे गावात आली म्हणजे एकंदर रोजगार वाढतो की घटतो, ह्यावर अमेरिकेत पुष्कळ काथ्याकूट झाला आहे. तेथे १९६२ साली आर्कान्सा राज्यातील रॉजर्स ह्या लहानशा गावी वॉलमार्टचे पहिले दुकान निघाले, आणि पुढे त्या पद्धतीने सारा देश व्यापला. एमेक बास्कर ह्यांच्या २००५ सालच्या अभ्यासात नोकऱ्यांत थोडी वाढ दिसली. पण पहिल्या वर्षीच्या वाढीतला निम्मा भाग पुढे पाच वर्षांत नाहीसा झालेला. डेव्हिड न्यूमार्क व त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र असे निघाले की, वॉलमार्टमधील दर १० जागांमागे त्या परिसरातील इतर किरकोळ दुकानांतल्या सुमारे १४ जागा गेल्या. पंडितांचा मतभेद आम्ही लपवून ठेवीत नाही. पण अमेरिकेत दुकानातून सुटलेल्या माणसाला दुसरीकडे काम मिळण्याची जी शक्यता आहे, ती आपल्याकडे नाही. आपल्या देशात गिरणी बंद पडली, शेती पिकेनाशी झाली, परीक्षा नापास झाली, की माणूस अखेर दुकान टाकतो किंवा गाडी लावतो. किरकोळ व्यापार हा आपल्या बेकारीचा शेवटचा आसरा आहे. तोच आसरा गेला, तर पुढची पायरी कोणती?

ह्यावर कोणी म्हणेल, मोठे ते भक्कम. तेही खरे नाही. चेन्नईला १९९७ साली ‘सुभिक्षा’ नावाची सवलतीची दुकाने निघाली. ती देशभर सुमारे १,६०० झाली, आणि २००९ साली पैसा आटताच पटापट बंद पडली. नोकरांचे पगार आणि पुरवठादारांची देणी तशीच राहिली. २००१ साली सुरू झालेल्या ‘बिग बाजार’चे नाव घरोघर झाले होते. कर्जाच्या आणि भाडेपट्ट्यांच्या गुंत्यात २०२२ साली त्या कंपनीच्या शेकडो दुकानांचा ताबा दुसरीकडे गेला, आणि २०२४ च्या जुलैत न्यायाधिकरणाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. पेठेतले एक दुकान बुडाले तर एक घर बुडते आणि पेठ त्याला सावरते. भांडार बुडाले तर त्याच्यासाठी आधीच बंद पडलेली दहा दुकाने काही पुन्हा उघडत नाहीत.

राजकारण्यांनी ह्या प्रश्नाचे काय केले? २०११ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने किरकोळ व्यापारात ५१ टक्के परदेशी भांडवल येऊ देण्याचे ठरविले. गदारोळ झाला, निर्णय थांबला. २०१२ च्या सप्टेंबरात तो पुन्हा अमलात आला आणि २० सप्टेंबरला देशात बंद झाला. नियम असा होता की, अशी दुकाने मुख्यतः दहा लाखांवरच्या शहरांत निघावीत आणि राज्य सरकारची संमती असावी. २०११ च्या जनगणनेने ग्वाल्हेर दहा लाखांच्या वर गेले होते. ते यादीत बसले. आमचे बेळगाव बसले नाही. व्यापारी मंडळींनी तेव्हा सर्व शक्ती परदेशी दार अडविण्यात खर्च केली. त्या दाराने फारसे कोणी आलेच नाही! देशी भांडवलाची भांडारे समोरच्या दाराने आली, आणि परदेशी भांडवल खिडकीतून आले : वॉलमार्टने २०१८ साली फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा १,६०० कोटी डॉलर देऊन घेतला. आता तर दुकानच गिऱ्हाइकाच्या खिशातल्या फोनमध्ये जाऊन बसले आहे. २०२४ साली वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने वर्षभरात सुमारे दोन लाख किराणा दुकाने बंद पडल्याचा दावा केला. तो दावा त्या संघटनेचा आहे, हे लक्षात ठेवूनही त्यातली भीती खोटी म्हणता येत नाही. देशी की परदेशी हा प्रश्न गौण होता. नियम कोणते आणि ते पाळतो कोण, हाच खरा प्रश्न होता, आणि तो कोणी विचारला नाही.

मग करावयाचे काय? बंदी घाला, अशी मागणी करणे सोपे आहे. ती टिकत नाही आणि गिऱ्हाइकाला पटत नाही. आमच्या मते मागण्या तीन असाव्यात.

पहिली, नोकराची. बसण्यास जागा, शौचालय, साप्ताहिक सुट्टी, बँकेतून पगार. कंत्राटदाराने पगार बुडविला तर मूळ मालकाने तो भरावा हे तत्त्व आपल्या कायद्याने १९७० सालीच मान्य केले. ते भांडारांच्या दारात लागू करून दाखवा. आणि हे नियम लहान दुकानालाही त्याच्या मानाने लागू असू द्यात.

दुसरी, पुरवठादाराची. लघुउद्योजकाचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजेत असा २००६ चा कायदा आहे. जो लहान कारखानदार तक्रार करील त्याची मागणी पुढच्या महिन्यात बंद होते, म्हणून तक्रार होत नाही. संघटनेने त्याच्या वतीने तक्रार करावी. मोठ्या खरेदीदाराला गैरवाजवी वेगळा भाव देऊ नये म्हणून खुद्द अमेरिकेने १९३६ साली कायदा केला होता. मुक्त व्यापाराच्या माहेरघरी जे चालते, ते येथे मागण्यास लाजावयाचे कारण नाही.

तिसरी, नगराची. फ्रान्सने १९७३ साली मोठ्या दुकानास परवानगी देण्यापूर्वी स्थानिक मंडळाचे मत घेणे आवश्यक ठरविले. जपानने त्याच वर्षी तसा कायदा केला आणि तो २००० सालापर्यंत चालविला. आपल्याकडे इमारतीचा नकाशा मंजूर होतो, वाहनतळ मोजला जातो. पण तिच्या सावलीत येणाऱ्या पेठेस कोणी विचारीत नाही. परवानगीपूर्वी जाहीर सुनावणी व्हावी, एवढे तरी महानगरपालिकेकडून मिळविता आले पाहिजे.

ह्या झाल्या सरकारकडच्या मागण्या. पण व्यापारी बंधूंनो, तुमच्याकडेही मागणी आहे. मोठी खरेदी हेच भांडाराचे बळ असेल, तर पन्नास दुकानांनी मिळून खरेदी करण्यास कोणी मना केले आहे? इंग्लंडात रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली हेच केले. मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ साली सहकारी दुकान काढले, त्यातून ‘अपना बाजार’ झाला. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल एकत्र घेते. कोल्हापूर जिल्ह्यातला वारणा बझार तर सीमाभागातील आमच्या वाचकांच्या पाहण्यातला आहे. स्वस्ताई सहकाराने आणता येते, आणि तिची किंमत आयजीला द्यावी लागत नाही. मात्र त्यासाठी छापील बिल, खरे माप, बदलून देण्याची तयारी आणि गिऱ्हाइकाशी गोड जबान हवी. वजनात मारून वर देशप्रेमाची हाक घालणाऱ्या दुकानदाराला कोणीही वाचवू शकणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण आपण येथे आणि आम्ही सीमेवर एकाच स्थितीत आहोत. पेठेत भाषा गिऱ्हाइकाप्रमाणे वळते. राज्यकारभार कोणत्याही भाषेत चालो, ज्या दुकानदाराला मराठी घर जोडावयाचे असते तो मराठीत ‘या, बसा’ म्हणावयास शिकतो. भांडारातील फलक आणि बिल दूरच्या कचेरीत ठरतात. तेथे आपल्या आजीने काय विचारावे आणि कोणाला? भाषा सभांत जगते तशी, किंबहुना त्याहून अधिक, दुकानाच्या पायरीवर जगते. ती पायरी मोडू देणे आपल्याला परवडणारे नाही.

शेवटी गृहिणींना विनंती. जेथे भाव परवडेल तेथे अवश्य जा. परंतु बिलावरची बचत वाचताना, ते बिल करून देणाऱ्या मुलीला बसावयास खुर्ची आहे की नाही हेही पाहा. आणि नसेल तर व्यवस्थापकाला तेथल्या तेथे विचारा. एकीने विचारले तर तो हसेल. शंभर जणींनी विचारले तर खुर्ची येईल. हाच प्रश्न पेठेतल्या दुकानातही विचारा. सवलत देणारा कोण हे गिऱ्हाईक विचारू लागले, की दुसऱ्याच्या जिवावरची स्वस्ताई फार दिवस टिकत नाही. तो प्रश्न विचारण्याची सवय नई सडकेला लागो, गणपत गल्लीला लागो, एवढे सांगून आपली रजा घेतो.